रिटायर होणाऱ्याचं ट्रेनिंग

ट्रेनिंगमध्ये सगळ्यात चिकट विद्यार्थी कोण असतो, सांगू? रिटायर व्हायला आलेला! आम्ही भूजलवाले, जमिनीखालचं पाणी शोधणारे. नव्या मशीनचं ट्रेनिंग होतं, कामठ्याच्या एका शेतात, अन् शिकवायचं काम माझ्याकडे होतं. जेवण थंड होऊन राहिलं होतं, म्हणून मी मशीनच्या जमिनीवर पसरलेल्या तारा गुंडाळायला घेतल्या. पण आमच्या रहांगडाले सरांचे प्रश्न संपेनात.

"स्क्रीनवर रेघ खाली गेली म्हणजे पाणीच कशावरून? चिकणमाती काऊन नसंल?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, पुढच्या महिन्यात तुम्ही रिटायर. आता कायले एवढं शिकून राहिले?"

"रिटायर मले सरकार करून राहिलं, गाववाले नाही. बोअरची जागा दाखवायले ते मलेच नेतील."

"मग? तुमचा अनुभव आहे ना!"

"त्याचंच तर भेव आहे बापा. आजवर माझ्या रिपोर्टवर वरचा साहेब लाल पेन चालवत होता. आता मी नुसतं बोट दाखवीन, अन् लोक सरळ खोदतील."

मी गुंडाळलेली तार परत सोडली. जेवण त्या दिवशी सगळ्यांनी थंडच खाल्लं.