दाखल्यावरचं वय

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय डॉक्टर सुमनताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे अर्जुनराव, आमच्या संशोधन केंद्रातले सहकारी आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून शिफ्ट बदलून आलेल्या आमच्या गावच्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

अर्जुनराव आत्ता म्हणाले, सयाजीच्या हातून तीस वर्षांत एक आकडा चुकला नाही. टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. सवय असते ना हो.

वयात येणाऱ्या मुलांची वाढ मोजायची, हे आमचं काम. उंची, वजन, आवाज फुटला का, मिसरूड आलं का. मनगटाचा एक्स-रे, कारण हाडावरून वय कळतं. बाकीची तपासणी डॉक्टरांची. पोरं लाजून चूर व्हायची. मी म्हणायचो, “भावा, मोजपट्टी कुणाला हसत नाही.”

पण वय लिहायचं कुठलं? आपल्याकडं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय! मास्तरांनी दाखल्यावर टाकली ती तारीख. म्हणून मीच नियम घातला, दाखला बाजूला ठेवा, आईला विचारा. पोळ्याच्या आधी का नंतर? ताईंनी मघाशी त्याचं कौतुक केलं, आभारी आहे.

आता राहिलेलं सांगतो. माझ्या प्रीतमला शाळेत घालताना मीच त्याचं वय दोन वर्षं कमी लावलं. म्हटलं, पुढं पोलीस भरतीला हाताशी राहतील. मग आमच्या पाहणीत त्याच्या शाळेचा नंबर लागला. हाड निघालं बाराचं, दाखलाही बाराचा. पोरगं होतं चौदाचं. खरं वय लिहिलं असतं तर मीच खोटा ठरलो असतो, तेही माझ्याच नियमानं. मी लिहिलं, ‘वाढ वयानुसार’.

घरी आई म्हणायची, “सयाजी, ह्याच्या वयाला तुजा आवाज फुटला व्हता. दाव की डॉक्टरला.”

मी म्हटलं, “व्हईल गं.”

दीड वर्षानं त्याला फळ्यावरचं दिसेना, तेव्हा मेंदूच्या तळाशी गाठ सापडली. वाढ तिनंच अडवली होती. जीव वाचला, डावा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, आधी कळायला हवं होतं. मी मान हलवली. सुट्टी संपल्यावर कामावर आलो, वीस पोरं मोजली, डबा खाल्ला. काही वाटलं नाही. आजही वाटत नाही, याची मात्र लाज वाटते.

ताई, ती नोंद अजून आपल्या आकड्यांत आहे, ती दुरुस्त करा. प्रीतम तिसऱ्या रांगेत बसलाय. गाठ कुणाच्याच लक्षात येण्यासारखी नव्हती, असं मी त्याला बारा वर्षं सांगत आलो. खरं काय ते त्याला आत्ता तुमच्याबरोबरच कळतंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, ते मात्र सभेनं पोटात घालू नये. ते प्रीतमनं ठरवायचं.