चकली स्पर्धेचा खरा निकाल

...आणि वर मलाच विचारतात, "तुमच्या शेजाऱ्याने स्वतःच्या आईला जिंकवलं म्हणे?" अहो, मला काय विचारता? मी फक्त समोरच्या दारात राहतो! पण नाहूरच्या आमच्या सोसायटीत दिवाळीची चकली स्पर्धा झाली आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये दुसरा विषय नाही. तुम्हाला सांगतो, आकडा दिसला म्हणून तो आकडाच असतो, असं समजू नका!

शेजारी म्हणजे देवव्रत. बीकेसीत कुठल्याशा ऑफिसात डेटाबेस सांभाळतो, म्हणजे नक्की काय करतो ते त्याच्या घरातही कुणाला माहीत नाही, पण सोसायटीला काय, कॉम्प्युटरवाला दिसला की घाल काम गळ्यात! सेक्रेटरी म्हणाले, "तीन परीक्षक, एकशेवीस मार्क, तू नुसते भर आणि नंबर काढ. मार्क कोणाला दाखवायचे नाहीत हां, भांडणं होतात!" भांडणं होतात म्हणे... न दाखवून काय झालं ते ऐका!

तर हा मार्क भरायला बसला. सगळं झकास चाललेलं, मध्येच आलं सुयोगचं नाव. चौथ्या मजल्यावरचा सुयोग, नाव दिलं आणि आलाच नाही. परीक्षकांनी त्याच्यापुढे लिहिलेलं, "गैरहजर". आता मार्कांच्या रकान्यात आकड्याशिवाय काही जाईना. तिकडे माइकवरून हाका, "देवव्रत, निकाल आण रे!" याने काय करावं? रकानाच बदलला! आकड्यांचा होता तो अक्षरांचा करून टाकला. गैरहजर गेलं आत, आकडे दिसायला जसेच्या तसे, मिटला प्रश्न! मग मोठ्यापासून लहानापर्यंत लावले, तर पहिला कोण? सुयोग! जो आलाच नाही तो पहिला! इथे तरी माणसाला शंका यावी की नाही? छे! याने ती ओळ उडवली, खालची घेतली... आणि खाली कोण? वसुधाताई. याची सख्खी आई!

टाळ्या, ट्रॉफी, फोटो. आणि याची बायको रेवती? बारावी! त्यात परीक्षक विद्याधरकाका तिला गेटवर भेटले आणि म्हणाले, "रेवती, मी तुला चाळीसपैकी छत्तीस दिले होते गं, तू बारावी कशी?"

झालं! लागली वाट! दार उघडंच होतं, मी काही कान लावून बसलो नव्हतो, पण ऐकू येतं ना!

"सरळ सांग, आईंना जिंकवलंस ना?"

"अगं, नंबर कॉम्प्युटरने काढलाय!"

"आणि कॉम्प्युटर कोणी चालवला? हे बघ, मी चालले माहेरी, घाटकोपरला. तू लबाडी केली नाहीस हे दाखव, तरच येईन."

गेली की हो! बॅग घेऊन गेली! आणि वसुधाताई ट्रॉफी पुसत म्हणतात, "जाऊ दे रे, हरणं पचत नाही काहींना." देवव्रतचं तोंड बघवत नव्हतं. तिच्याशिवाय त्याला घर खायला उठायचं.

शेवटी बसला लॅपटॉप उघडून. बघतो तर आईला अठ्ठ्याण्णव, रेवतीला एकशेचार, आणि अठ्ठ्याण्णव वर! "आकडे तर नीट आहेत यार," म्हणतो! आकडा दिसला म्हणून आकडाच असतो का रे बाबा? मग सुचलं त्याला. डंप नावाचं एक फंक्शन असतं म्हणे. आपल्याला पडद्यावर जे दिसतं ते सोडा, आत खरं काय साठवलंय, कुठल्या प्रकारचं, ते हे फंक्शन उघडं करून दाखवतं. त्याने आईचे मार्क त्यात घातले. उत्तर आलं, टाइप एक, लांबी दोन, सत्तावन्न, छप्पन्न. आता टाइप एक म्हणजे अक्षरं, आकडा असता तर टाइप दोन आलं असतं. सत्तावन्न म्हणजे नुसतं नऊ हे चिन्ह, छप्पन्न म्हणजे आठ. अठ्ठ्याण्णव हा आकडा आत नव्हताच! कॉम्प्युटर आपला शब्दकोशासारखा पहिलं अक्षर बघत बसलेला, नऊ मोठं, एक लहान, त्यामुळे शंभरी गाठलेले सगळे खाली, आणि 'गैरहजर'मधला ग तर नऊच्याही वर, म्हणून सुयोग पहिला!

गेला धावत घाटकोपरला. तिला घेऊन आला, आईला बसवलं, दोघींसमोर सगळं उलगडलं, आणि रकाना दुरुस्त करून नंबर पुन्हा लावले. रेवती पुढे सरकून बघते, तर पहिली शर्मिष्ठा, दुसऱ्या मजल्यावरची, एकशेअठरा! रेवती तिसरी. वसुधाताई नववी! म्हणजे ट्रॉफी शर्मिष्ठाकडे द्यायची!

मग रेवती हळूच म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम नाही केलंस?"

"नाही गं, शपथ!"

"नुसताच ढ आहेस?"

त्याने आशेने आईकडे बघितलं. वसुधाताईंनी ट्रॉफी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "लहानपणापासून!"

लग्नाला सहा वर्षं झाली, सासू-सुनेचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. रेवतीने बॅग आत नेली, देवव्रतने काय, मान डोलावली... निर्दोष सुटला बिचारा, ढ म्हणून!