काउंटरखाली पारखलेली दुर्बीण

२०१७च्या ऑक्टोबरात मोरेश्वरने रायफल क्लबाची तिन्हीसांजेची स्पर्धा जिंकली. पण घरी ती झालीच नाही असं त्याने ठरवलं होतं. म्हणून सोमवारी सँडीफोर्डहून निघालेल्या ट्राममध्ये तो फक्त मित्राला, आशिषला सांगत होता, तेही खणखणीत आवाजात, कारण इथे परदेशात मराठी कुणाला कळतं? पुढच्या सीटवर बसलेल्या, त्यांना अनोळखी पण मराठीच असलेल्या श्रावणीने हेडफोन कानातच ठेवून गाणं बंद केलं.

“काळोखात लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर रायफलीच्या दुर्बिणीतली काळी फुली दिसते का? मधे लाल ठिपका पेटणारी दुर्बीणच लागते.”

“मग सगळ्यात लख्ख पेटणारी घ्यायची.”

“दुकानदारही तेच म्हणाला. म्हटलं, पारखून घेणार. डोक्यावर कोट घेतला आणि काउंटरखाली शिरलो.”

“दुकानात?”

“आपल्याकडे साडी उजेडात नेऊन बघतात, मी दुर्बीण अंधारात नेली. लख्ख ठिपका समोरचं सगळं गिळतो रे! एकच दुर्बीण समईइतकी मंद होत होती. घेतली.”

“आणि स्पर्धेत?”

“बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे सूर्य उगवलेला. माझ्या सगळ्या गोळ्या मधोमध! हरलेला कॉनरसुद्धा मिठी मारून ‘ग्रँड’ म्हणाला.”

“मग घरी लपवतोस कशाला?”

“बक्षीस हरणाची तंगडी आहे. फ्रीजरमध्ये मटारखाली दडवलीय. आणि आई आलीय पुण्याहून.”

“सांग, हरीण शाकाहारी असतं.”

“तिला नाही पटणार. मी क्लबालाच लिहिलंय: ‘महोदय, सदर तंगडी परत घेऊन विजेत्यास तेवढ्याच वजनाचा लाल भोपळा देण्यात यावा, ही नम्र विनंती.’”