आधी चतकोर संपवा

चाळीसगावच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक नवी मास्तरीण आणि तिची सासू बसली होती. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण कान शाबूत आहेत.

"आई, आज माझा पाठ बघायला मोठ्या बाई येणारेत. कालसारखी फजिती झाली, तर माझी नोकरी पक्की होत नाही."

"मग विचार मला. मी होते तुझी विद्यार्थिनी."

"टोपलीत सव्वापाच भाकरी. पावणेतीन वाढल्या. उरल्या किती?"

"अडीच. यामा काय अवघड शे?"

"नुसतं उत्तर नको, रीत हवी. वाढायची पाऊण आणि सुटी आहे चतकोर. म्हणून एक आख्खी मोडायची, म्हणजे सुट्या पाच चतकोर झाल्या."

"चतकोर पडलेली असताना आख्खी मोडू? माझ्या घरात?"

"काल वर्गातल्या पोरी हेच म्हणाल्या. एकीनेही मोडली नाही."

"चांगल्या घरच्या आहेत. आधी ती चतकोर वाढ. आता वाढायच्या किती राहिल्या?"

"अडीच."

"आता मोड आख्खी. तिची अर्धी वाढ, आणखी दोन आख्ख्या वाढ."

"टोपलीत अडीचच राहिल्या की! आई, आज असंच शिकवते."

"शिकव."

"पण मोठ्या बाई म्हणाल्या, ही रीत पुस्तकात नाही, तर?"

"तर त्यांना विचार, तुमच्या घरी ती चतकोर कोण खातं?"

मी गाडी आली का ते बघायला मान वळवली. आमच्याकडे धाकटी सून खाते.