बर्फाचा गाडा

सोनारीची बस अजून लागायची होती. बाकावर शेजारी एक म्हातारी आणि तिची नात बसली होती.

"आजी, त्यो पुतळा कुणाचा गं?"

"हिंमतरावांचा. गावात बर्फाचा पहिला कारखाना त्यांचाच. कुठं मयत झाली, की लांबची लेकरं येईस्तोवर मढं ठेवायला गाड्यावरनं बर्फ फुकट धाडायचे."

"म्हणून नगराध्यक्ष झाले व्हय?"

"व्हय. पण मत मागायला त्याच गाड्यावर बसून आले. गाडा दारात बघून आमच्या सासूनं हंबरडाच फोडला."

"मग गं?"

"हात जोडून म्हणले, 'बाई, कुणी मेलं न्हाय, निवडणूक हाय.'"

"आन् ते सोता गेले तवा?"

"गाडा दिसभर त्यांच्याच दारात उभा. आमी काय उठलो न्हाय. वाटलं, आली परत निवडणूक."