तांबड्या पेशींची गर्दी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष मोठ्या डॉक्टरबाई, मंचावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेच्या बाई, आणि खुर्च्या संपल्यामुळं भिंतीला टेकून उभे असलेले माझे सोबती, सर्वांना नमस्कार.

मी सातवी नापास. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या आणायच्या आणि यंत्रात फिरवायच्या, हे माझं काम. पायाला भिंगरी, दोन वर्षांत पाच नोकऱ्या सोडून इथं आलो. फिरवण्याआधी रक्त गोठायला नळी अर्धा तास उभी ठेवतात. मला तेवढा दम कुठला? दहाव्या मिनिटालाच यंत्रात घातली. बाई रागावल्या नाहीत. दुसरी नळी उभी केली, समोर स्टूल ठेवलं आणि म्हणाल्या, "बस. रक्ताचा गोळा आक्रसेपर्यंत उठायचं नाही."

बसलो. गोळा आवळत गेला, बाजूला पिवळं पाणी सुटलं. बाईंनी सांगितलं, गोळा आवळतात त्या प्लेटलेट. पण आतल्या तांबड्या पेशी डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दाबून बसतात, म्हणून फट राहत नाही. मी त्यांना आजवर फुकटे प्रवासी समजत होतो.

तुम्ही म्हणाल, निरोपाला बोलावलं आणि हा धडा वाचतोय. पण त्याच महिन्यात माझ्या ताईचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. तिचं घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर. दाजी फोनवर म्हणाले, प्लेटलेट भरपूर आहेत, निर्धास्त राहा. मी चहाच्या वेळी बाईंना तेच सांगितलं. बाईंनी हिमोग्लोबिन विचारलं. साडेसहा, म्हणजे तांबड्या पेशी जेमतेम निम्म्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे, तांबड्या पेशी मधून गर्दीनं वाहतात, म्हणून प्लेटलेट कडेला रेटल्या जातात. गर्दीच नसेल, तर जखमेपाशी त्या वेळेवर पोचणार कशा? आधी रक्त भरणार का, एवढं डॉक्टरांना विचारायला सांग."

मी फोन लावला. दाजी म्हणाले, "नळ्या उचलता उचलता डॉक्टर कधी झालास?" बरोबरच होतं त्यांचं. मग ताईनं स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली, आधी रक्त भरलं, मग ऑपरेशन केलं. रक्तस्राव बेताचाच झाला.

विचारलं नसतं तर काय झालं असतं? बाई म्हणतात, डॉक्टरांनी पाहिलंच असतं, मला श्रेय देऊ नकोस. पाहिलंही असतं. पण तो कप खाली ठेवलेला मी पाहिलाय.

बाई, ताई तुम्हाला कधी भेटलेली नाही. काल म्हणाली, "त्यांना सांग, आता तीन जिने न थांबता चढते."

एवढंच पोचवायचं होतं. ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर शिक्षण कमी पडलं समजून पोटात घाला.