डिंकीच्या पाठीवरची सही

...आणि वर तपासणीवाले मलाच विचारतात, 'झोपेच्या नोंदी कुठायत?' अहो, झोपेच्या! तुम्हाला सांगते, पाळणाघर काढलं तेव्हा मला वाटलं, मुलं सांभाळायची असतात. खुळी मी! सरकारी अनुदान हवंय ना, मग मूल आलं कधी, गेलं कधी, घास किती खाल्ले, थुंकले किती, आणि झोपलं तर दर पंधरा मिनिटांनी बघून वेळ लिहा, सही ठोका! दोन खोल्या, मदतीला एक मावशी, पोरं बारा आणि मला हात दोनच... मूल बघू की फॉर्म भरू?

त्यात आमची डिंकी. दीड वर्षाची. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून डिंकी. आई दवाखान्यात नर्स, रोज दारातूनच 'ताई, तुमच्या जिवावर नोकरी करते हो!' म्हणून पळत सुटते. आणि ही बया झोपणार कुठे, तर माझ्या खांद्यावर. गादीवर टेकवली की भोंगा सुरू! मग नोंद कशी करायची? काढली युक्ती. डाव्या खांद्यावर डिंकी, तिच्या पाठीवर कागद, वरून माझी हनुवटी, आणि हातात पेन्सिल. पेन नाही हं, बटणाचा टक् आवाज झाला की बाईसाहेब जाग्या! वर्षभर अशा नोंदी केल्या मी.

आणि मागच्या महिन्यात आल्या की तपासणीच्या मॅडम. चष्मा नाकाच्या टोकावर. 'हे अक्षर असं नागमोडी का? बसमध्ये बसून एका दमात भरलंत वाटतं? खोट्या नोंदी असतील तर अनुदान बंद!' अनुदान बंद म्हणजे फी दुप्पट, फी दुप्पट म्हणजे डिंकीची आई नोकरी सोडून घरी... मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमच्या आवाजानं खांद्यावरची डिंकी उठली, तिनं सूर लावला आणि मागोमाग अकराजण! आता तुम्हीच सांगा, मूल बघू की फॉर्म भरू? दिली डिंकी मॅडमच्या अंगावर आणि धावले बाकीच्यांकडे.

परत येऊन बघते तर काय, डिंकी मॅडमच्या मानेत नाक खुपसून ढाराढूर! मॅडम म्हणजे नुसता पुतळा. हळूच म्हणाल्या, 'आता हो?' म्हटलं, 'आता नोंद करा.' कागद ठेवला पाठीवर, दिली पेन्सिल. मॅडमचं अक्षर वर गेलं, खाली आलं, वर गेलं... म्हणाल्या, 'अहो, श्वास घेतेय ही...' म्हटलं, 'घेणारच ना, मॅडम.' डोळे भरले त्यांचे. पुसायला हात कुठे मोकळा? मीच पुसले पदरानं. मला फार आवडली हो ती बाई तेव्हा. तिथंच, डिंकीच्या पाठीवर, तिनं लिहिलं, 'अनुदान चालू ठेवावे', आणि केली सही.

संपलं? छे! आठ दिवसांत फाईल परत. 'अधिकाऱ्यांची सही जुळत नाही'! मॅडम स्वतःच आल्या, खुलाशाचा फॉर्म घेऊन, तीन प्रतींत. त्यांना बघताच डिंकीनं दोन्ही हात वर केले. मॅडम म्हणतात कशा, 'ताई, मूल बघू की फॉर्म भरू? असं करा, तुम्ही माझा फॉर्म भरा, मी हिला घेते.' भरला. रकाना होता, 'सही वेगळी येण्याचे कारण'. मी लिहिलं, 'बालक श्वास घेत होते.' मॅडमनी डिंकीच्या पाठीवरच कागद ठेवून खाली सही केली... परत तसलीच!

काल पत्र आलं. मंजूर! डिंकीच्या आईनं दारातच मिठी मारली मला, दोघी रडलो, डिंकी मधे चेंगरली. मग पत्राचं दुसरं पान उलटलं. 'आपल्या खुलाशाची दखल घेऊन नोंदवहीत नवा रकाना वाढवण्यात येत आहे : बालक श्वास घेत होते काय? होय किंवा नाही. दर पंधरा मिनिटांनी.'

...द्या हो ती पेन्सिल इकडे.